जोड स्वच्छ, तर वीज सुरक्षित

घराला किंवा दुकानाला आग लागल्याच्या बातमीत 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे' हे वाक्य इतक्या वेळा येते की वाचताना त्याकडे आपले लक्षही जात नाही. शॉर्टसर्किट म्हणजे जणू आभाळातून कोसळलेले संकट, त्यावर माणसाचा इलाज तो काय, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अनेकदा शॉर्टसर्किट हा या कथेचा शेवट असतो. तिची सुरुवात कितीतरी आधी झालेली असते. सॉकेटच्या मागचा एखादा सैल स्क्रू, प्लगची काळवंडलेली पिन किंवा दोन तारा पिळून वरून टेप गुंडाळलेला एखादा जोड महिनोन्महिने तापत राहतो, तारेवरचे आवरण हळूहळू मऊ पडते, करपते आणि अखेर दोन उघड्या तारा एकमेकींना भिडतात. बातमीत येते ते फक्त हे शेवटचे प्रकरण.

घराचे वायरिंग करून घेताना आपण तार कोणत्या कंपनीची, स्विच किती देखणे, एमसीबी किती अँपिअरचा याची बारकाईने चौकशी करतो. परंतु तार जिथे स्विचला, सॉकेटला किंवा दुसऱ्या तारेला मिळते, त्या जोडाची चौकशी कोणी करीत नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. विजेच्या वाटेवरची कच्ची कडी म्हणजे हे जोड.

भासतो तेवढा स्पर्श नसतो

दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर टेकले, की ते सर्वत्र एकमेकांना चिकटले असे डोळ्यांना वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गुळगुळीत दिसणारा धातूही सह्याद्रीच्या डोंगररांगांसारखा दिसतो. एक डोंगररांग उलटी करून दुसरीवर ठेवली तर शिखरे तेवढी एकमेकांना टेकतील आणि दऱ्या मोकळ्याच राहतील. विजेच्या जोडातही असेच होते. दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी अल्पशा भागातच खरा स्पर्श असतो आणि सारी विद्युतधारा त्या मोजक्या ठिपक्यांमधून दाटीवाटीने पार होते.

या विषयाची शास्त्रीय मांडणी करणाऱ्यांत स्वीडनमध्ये जन्मलेले पदार्थवैज्ञानिक रागनार होल्म यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. जर्मनीत सीमेन्स कंपनीत काम करताना त्यांनी या स्पर्शबिंदूंचा सखोल अभ्यास केला. विद्युत संपर्कांवरील त्यांचा ग्रंथ आजही या शाखेचा पाया मानला जातो आणि त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय परिषद १९५३ पासून भरत आली आहे. त्यांच्या विवेचनातून सामान्य माणसाने घ्यावा असा निष्कर्ष सोपा आहे: जोडाचा चांगुलपणा त्याच्या आकारापेक्षा त्यावरील दाबावर आणि पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर अधिक अवलंबून असतो. दाब वाढला की शिखरे चेपली जाऊन अधिक ठिपके टेकतात. पृष्ठभाग स्वच्छ असला की त्या ठिपक्यांमध्ये धातूला धातूच भेटतो. यांपैकी एक गोष्ट जरी बिघडली तरी जोडाचा विद्युतरोध वाढू लागतो.

देवघरातला धडा

पृष्ठभाग अस्वच्छ होणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. देवघरातील तांब्याचा गडू चार दिवसांत काळपट होतो, ओल राहिली तर हिरवट डाग धरतो. चांदीचे निरांजन वापरले नाही तरी काळे पडते. तांब्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ऑक्साइड तयार होते, तर चांदीवर गंधकयुक्त वायूंमुळे सल्फाइडचा थर चढतो. स्विच-सॉकेटच्या आतील तांबे, पितळ आणि चांदीच्या मिश्रणाच्या टिकल्या याच धातूंच्या बनलेल्या असतात, त्यामुळे त्यांनाही हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच की गडू आपण चिंच लावून घासतो, सॉकेट मात्र बसवल्या दिवसापासून कोणी उघडून पाहत नाही.

मुंबईपासून रत्नागिरी, मालवण आणि गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर हा त्रास अधिक जाणवतो. दमट हवेतील खारे कण धातूवर बसतात आणि ओल धरून ठेवतात, त्यामुळे क्षरणाला वेग येतो. खाडीकाठी वा उघड्या नाल्यांलगत राहणाऱ्यांच्या वाट्याला याशिवाय हायड्रोजन सल्फाइड वायू येतो. चांदी आणि तांबे या दोहोंचा तो शत्रूच आहे.

ॲल्युमिनियमचे दुखणे आणखी निराळे. ते काळे पडत नाही, उलट चकचकीत दिसते. मात्र हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, कठीण आणि वीज अडवणारा थर चढतो. भर म्हणून हा धातू दाबाखाली हळूहळू पसरतो आणि तापल्यावर तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो. दिवसातून अनेकदा तापणे-निवणे चालू राहिले, की घट्ट आवळलेला स्क्रू काही वर्षांत आपोआप सैल होतो. अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागल्यामुळे लाखो घरांत ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या आणि पुढे त्यांच्या जोडांतून आगी लागू लागल्या. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत, १९७२ पूर्वी बनलेल्या ॲल्युमिनियम तारांच्या घरांत एखादा तरी जोड आगीच्या धोक्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या तारांच्या घरांपेक्षा ५५ पट अधिक आढळली. दोष तारेच्या लांबीत नव्हता, तो तिच्या टोकांना होता. आपल्याकडील जुन्या इमारतींतही ॲल्युमिनियमच्या तारा आढळतात. नूतनीकरणात त्यांना तांब्याच्या तारा नुसत्या पिळून जोडल्या जातात, तेव्हा दोन भिन्न धातू आणि दमट हवा मिळून क्षरणाला आयतेच निमंत्रण मिळते.

एमसीबी गप्प का राहतो?

येथे अनेकांना प्रश्न पडेल की मग एमसीबी कशासाठी बसवला आहे? याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. घरातला २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. त्याच्या सॉकेटमधील जोड बिघडून तेथे ०.३ ओहम एवढा क्षुल्लक रोध निर्माण झाला, असे समजू. उष्णता ही धारेच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. म्हणजे त्या एका ठिकाणी जवळजवळ २३ वॅट उष्णता निर्माण होईल. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर वापरतात ते सोल्डरिंगचे साधन साधारण २५ वॅटचे असते आणि त्याच्या टोकावर कथील-शिशाचे मिश्रण सहज वितळते. तेवढीच उष्णता प्लॅस्टिकच्या बंद डबीत, भिंतीच्या आत, रोज सकाळी निर्माण होत राहिली तर काय होईल, याची कल्पना करावी. घरगुती तारांवरचे साधे पीव्हीसी आवरण तर ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते.

आता एमसीबीकडे पाहू. त्याचे काम धारा मर्यादेपेक्षा वाढली तर पुरवठा तोडण्याचे. खराब जोडामुळे धारा वाढत नाही, उलट किंचित कमीच होते. वरच्या उदाहरणात ती ८.७ वरून सुमारे ८.६ अँपिअरवर येईल. एमसीबीच्या दृष्टीने सारे आलबेल असते. गळतीवर लक्ष ठेवणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबीही बहुधा गप्पच राहतो, कारण धारा जमिनीत गळत नसते. आवरण जळून तारा भिडल्या, की मग ही साधने जागी होतात. तोपर्यंत भोवतालच्या लाकडी पॅनेलने किंवा पडद्याने पेट घेतलेला असू शकतो.

हा तापलेला जोड स्वतःच स्वतःला अधिक बिघडवत जातो. उष्णतेने ऑक्साइड वाढते, पट्टीची स्प्रिंग आपला ताण गमावते, दाब कमी होतो, रोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या घरगुती धारांवरही सैल जोड निखाऱ्यासारखे लाल होऊन धगधगत राहतात, हे दाखवून दिले होते.

न्यूट्रलचा सैल जोड

इमारतीच्या मीटरघरातील एक जोड विशेष लक्ष देण्यासारखा आहे. तो म्हणजे न्यूट्रलचा. इमारतीला तीन फेजचा पुरवठा असतो आणि निरनिराळी घरे निरनिराळ्या फेजवर असली तरी त्यांची न्यूट्रल सामाईक असते. हा सामाईक जोड सैल झाला किंवा गंजून तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे जणू एकामागोमाग एक जोडली जातात. ज्या फेजवर वापर कमी, तेथील दाब २३० व्होल्टवरून चढत जातो आणि वाईटात वाईट परिस्थितीत ४०० व्होल्टच्या जवळ पोहोचू शकतो. ज्या फेजवर वापर अधिक, तेथील दिवे मंदावतात. एकाच वेळी काही घरांत दिवे प्रखर आणि काही घरांत मिणमिणते झाले, तर मुख्य स्विच ताबडतोब बंद करावा आणि वीज कंपनीला कळवावे. मीटर व त्याच्या आधीची जोडणी कंपनीच्या अखत्यारीत असते. तेथील सील तोडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

बिघाडाची लक्षणे

सुदैवाने खराब जोड बहुधा आधी सूचना देतो. गीझर, इस्त्री किंवा एअर कंडिशनर चालवल्यावर त्यांचा प्लग स्पर्शाला स्पष्टपणे गरम लागणे, सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग पडणे, पिन काळी पडणे, बोर्डाजवळ जळक्या प्लॅस्टिकचा किंवा माशासारखा वास येणे, स्विचमधून तडतड ऐकू येणे, प्लग हलवल्यावर उपकरण बंद-चालू होणे ही ती लक्षणे. 'जरा प्लग दाबून धरला की चालते' हे वाक्य ज्या घरात रोज उच्चारले जाते, तेथे दुरुस्ती तातडीची आहे असे समजावे.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो स्वच्छ करावे की बदलावे. ज्या सॉकेटची पट्टी तापून ढिली पडली आहे, ते सॉकेट घासूनपुसून सुधारत नाही, कारण गेलेला ताण परत येत नाही. ते बदलावेच लागते. त्यासोबत जळक्या पिनेचा प्लगही बदलावा. पुष्कळदा फक्त नवे सॉकेट बसवले जाते आणि त्यात जुना, खडबडीत पिनेचा प्लग खुपसला जातो. परिणामी नवे सॉकेटही काही महिन्यांत जुन्याच्याच वाटेने जाते. घरगुती स्विच उघडून आतल्या टिकल्या घासणेही व्यर्थ आहे, नवा स्विच त्याहून स्वस्त पडतो.

साफसफाईची रीत

भिंतीतील बोर्ड उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तरीही ते कसे व्हावे याची जाण घरमालकाला हवी. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, कारण मुख्य स्विच बंद असतानाही इन्व्हर्टर काही बोर्डांना वीज पुरवीत असतो आणि कित्येक अपघात या विस्मरणातून घडतात. तपासणीचे साधन आधी चालू बिंदूवर, नंतर बंद केलेल्या बिंदूवर आणि पुन्हा चालू बिंदूवर लावून पाहावे, म्हणजे साधनच बिघडलेले नाही याची खात्री पटते.

तारेचे टोक काळे पडले असेल तर ते घासत बसण्यापेक्षा तेवढा भाग कापून टाकावा आणि आवरण सोलून ताजे, चमकदार तांबे पुढे आणावे. तारेचे सर्व पदर स्क्रूखाली आले पाहिजेत, एकही बाहेर राहता कामा नये. बारीक पदरांच्या तारेला दाबून बसवायचे टोक, म्हणजे लग किंवा फेरूल, लावणे उत्तम. पदर एकत्र राहावेत म्हणून त्यांना सोल्डर लावून स्क्रूखाली आवळण्याची पद्धत मात्र टाळावी. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली ते पसरते आणि जोड पुन्हा सैल होतो. स्क्रू किती आवळायचा हे अनेक उत्पादक एमसीबीवर किंवा माहितीपत्रकात नमूद करतात. कमी आवळणे जितके वाईट, तितकेच अति आवळून पदर तोडणेही वाईट.

पितळी पिन किंवा पट्टीवर केवळ धूळ-तेलकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले कापड पुरते. बाजारात मिळणारा 'कॉन्टॅक्ट क्लीनर' फवाराही चालतो. यांतील बहुतेक द्रव ज्वालाग्राही असतात, म्हणून ते पूर्ण उडून जाईपर्यंत वीज सुरू करू नये. पेट्रोल किंवा रॉकेलचा प्रयोग तर मुळीच करू नये. चिंच, लिंबू, भांडी घासण्याची पूड ही गडूसाठी ठीक. जोडात मात्र त्यांतील आम्लाचा अंश मागे राहिला, तर तोच पुढे क्षरण घडवतो. जाड पॉलिशपेपरने घासल्यास धातूवर चरे पडतात आणि वरचा मुलामा निघून जातो. हलका थर काढायचा असेल तर अतिशय बारीक कागद वापरावा आणि उरलेली पूड पुसून घ्यावी.

ॲल्युमिनियमच्या जोडासाठी विशेष मलम मिळते. धातू ब्रशने घासून त्यावर ते मलम लगेच लावायचे असते, म्हणजे नवा ऑक्साइडचा थर चढायला अवधीच मिळत नाही. ॲल्युमिनियम आणि तांबे यांची गाठ घालायची असेल तर त्यासाठी बनवलेले द्विधातू जोडच वापरावेत.

बॅटरीची कहाणी

इन्व्हर्टर लवकर बंद पडू लागला की आपण बॅटरी संपली असे मानून हजारो रुपये खर्चतो. पण आधी तिच्या टोकांवर नजर टाकावी. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर ६०० वॅटचा भार असेल तर बॅटरीतून ५० अँपिअरहून अधिक धारा वाहते. टोकावरच्या पांढऱ्या-हिरव्या थरामुळे फक्त ०.०१ ओहम रोध निर्माण झाला, तरी तेथे २५ वॅट उष्णता आणि अर्ध्या व्होल्टची घट होते. बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टरला ती उतरल्यासारखी भासते.

हा थर आम्लयुक्त असतो, म्हणून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. हातमोजे व चष्मा घालावा, खोली हवेशीर ठेवावी आणि जवळ ज्योत वा ठिणगी नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. इन्व्हर्टर बंद करून आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून, घट्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा. लेप जोडाला सुधारत नाही, तो फक्त हवा आणि ओल दूर ठेवतो, हे ध्यानात घ्यावे. अस्वच्छ जोडावर लेप थापणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे.

रिमोट किंवा घड्याळातल्या अल्कलाइन सेलची गोष्ट नेमकी उलट. त्यांतून पाझरणारा पदार्थ अल्कधर्मी असतो. तेथे सोडा उपयोगाचा नाही. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब कापसावर घेऊन पुसावे आणि लगेच पाण्याच्या ओल्या बोळ्याने, मग अल्कोहोलने टिपून कोरडे करावे.

लहान धारांचा नाजूकपणा

मोठ्या धारेच्या स्विचमध्ये दर वेळी उडणारी बारीकशी ठिणगी आणि पट्ट्यांचे घर्षण पृष्ठभागावरचा पातळ थर थोडाफार फोडते. संगणक, दूरध्वनी किंवा ध्वनियंत्रणेतील क्षीण संकेतांना ती ताकद नसते, त्यामुळे न दिसणारा थरही त्यांना अडवतो. म्हणूनच तेथे न गंजणारे सोने वापरले जाते. संगणकाच्या मेमरीची पट्टी खोडरबराने घासण्याची युक्ती दुरुस्ती करणारे सर्रास वापरतात आणि तिने बऱ्याचदा काम भागतेही. पण तो सोन्याचा मुलामा केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. वारंवार घासल्यास तो झिजतो आणि खालचा धातू उघडा पडून कायमचा त्रास मागे लागतो. अल्कोहोलने पुसणे हाच तेथे सौम्य उपाय.

वर्षातून एक दिवस

आपल्याकडे दिवाळीपूर्वी घर झाडून-पुसून लख्ख करण्याची रीत आहे. पावसाळ्याचा दमटपणा नुकताच ओसरलेला असतो आणि लवकरच गीझरचा वापर वाढणार असतो, रोषणाईच्या माळाही लागणार असतात. जोडांच्या तपासणीसाठी याहून योग्य काळ नाही. गीझर, एअर कंडिशनर, धुलाईयंत्र, इन्व्हर्टर आणि मुख्य फलक एवढे पाच जोड वायरमनकडून उघडून पाहिले तरी घरातील सर्वाधिक धारा वाहणाऱ्या जागा नजरेखालून जातात. गृहनिर्माण संस्थांनी मीटरघराची तपासणी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने करून घ्यावी. भार चालू असताना त्यात तापलेला जोड चटकन उठून दिसतो.

या साऱ्याला येणारा खर्च एका नव्या सॉकेटचा, वायरमनच्या तासाभराच्या मजुरीचा आणि थोड्याशा दक्षतेचा आहे. आज गीझर किंवा इस्त्री बंद केल्यावर प्लगला हात लावून पाहावा. तो नुसता कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर वायरमनला बोलावणे दुसऱ्या दिवसावर टाकू नये.